सात मतांची सहल

गाडी डाव्या अंगावर कलंडली होती आणि माझ्या मांडीवर डॉरिस नावाची ब्याऐंशी वर्षांची कॅनेडियन बाई बसली होती. ती हौसेने बसली नव्हती, पलीकडच्या सीटवरून घरंगळत आली होती. तिची काठी माझ्या कोटाच्या कॉलरमध्ये अडकली होती. दुपारचा दीड वाजला होता. खिडकीबाहेर ना रस्ता, ना झाड, ना आभाळ. काचेला बाहेरून चुना फासावा तसं चारी बाजूंनी नुसतं पांढरं. वारा गाडीला असा हलवत होता की मला आमची म्हैस गोठ्याच्या कुडाला अंग घासते तिची आठवण झाली.

पुढच्या सीटवर माझ्या विहीणबाई, कुसुमताई, मारुतीचा धावा करत होत्या.

"कुणाला लागलं का?" गाडी चालवणाऱ्या ॲग्नेसने विचारलं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर.

मग मागून मार्गारेटचा आवाज आला, "माझा केक चेपला."

चार वाजता गावातल्या हॉलमध्ये मतदान होतं. आमच्या उमेदवाराची, लॉरेनची, सात पक्की मतं या गाडीत होती आणि गाडी रस्त्याकडेच्या खड्ड्यात होती. मतं गाडीत भरायची अक्कल माझी. त्यामुळे मी धावा वगैरे केला नाही. देवाला कोणत्या तोंडाने हाक मारणार?

आधीचं

मी माणदेशातल्या लहान गावची. शाळा चौथीपर्यंत. गावची पाच वर्षं सरपंच होते. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा दीर फॉर्म घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, इथे सही करा, बाकी मी बघतो." मी सही केली आणि बाकीही मीच बघितलं. दीर त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. घरात शांतता होती. पाच वर्षांनी आरक्षण फिरलं, पद सगळ्यांना खुलं झालं. मी पुन्हा उभी राहिले. सदस्य म्हणाले, "बाई, तुमचा नंबर होऊन गेला." पडले. खुर्चीत पाटलांचा पुतण्या बसला. पाण्याच्या टाकीचा कुठला व्हॉल्व्ह कुठली आळी बंद करतो हे कळायला मला तीन वर्षं लागली होती. त्याला ते अजून कळलेलं नाही.

धाकटी मुलगी सुनंदा कॅनडात असते. रेजिना या शहरात सरकारी कचेरीत तिची नोकरी आहे, जावई तिथेच युनिव्हर्सिटीत शिकवतात. घर मात्र शहरापासून पाऊण तासावरच्या गावात, कारण तिथे घरं स्वस्त. सहा महिन्यांच्या व्हिसावर मी गेले तो सप्टेंबर संपत आला होता. जावयांच्या आई कुसुमताई आधीच येऊन बसल्या होत्या. त्या नागपूरच्या, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. घरात दोन विहिणी आणि बाहेर उणे तीस. जाणार कुठे?

ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांना सांगते. तिथे जमीन पोळपाटासारखी सपाट आहे. तीन दिवसांनी येणारा पाहुणा आज दिसावा इतकी सपाट. घरात शिरताना लोक आपल्यासारखेच जोडे दारात काढतात, हे मला बरं वाटलं. गाड्यांना रात्री वायर जोडून ठेवतात, नाहीतर इंजीन गोठतं. प्रत्येक घरासमोर गाडी अशी बांधलेल्या गुरासारखी उभी असते. शेती हजार हजार एकरांची, पण शेतात माणूस म्हणून दिसत नाही. मी सुनंदाला विचारलं, "भांगलायला कोण येतं?" ती हसत सुटली. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही.

लॉरेन आमच्या शेजारची. पन्नाशीची, उंच, हाडापेराने दणकट. शाळेची बस चालवायची आणि गावच्या कौन्सिलवरही होती. जावयांची कंबर धरली तेव्हा तीन दिवस आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ तिनेच काढला. चौथ्या दिवशी मी तिला घरात बोलावून चहा आणि ठेचा-भाकरी दिली. ठेचा तिने जॅमसारखा फासला. अर्धा तास ती नुसते डोळे पुसत होती, पण भाकरी संपवूनच उठली. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई निवडणूक लढवू शकते.

तिला तेच हवं होतं. त्या भागाचा आमदार वॉल्टर नावाचा शेतकरी. बावीस वर्षं तोच. तिथे आधी पक्षाचे सभासद मत देऊन आपला उमेदवार ठरवतात आणि त्या भागात तो पक्ष कधी हरत नाही. म्हणजे खरी निवडणूक ती हॉलमधली. बावीस वर्षांत वॉल्टरच्या समोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. लॉरेनने फॉर्म भरला होता, पण तिचा धीर होत नव्हता.

"अमेरिकेत काही राज्यांत नियम आहे," ती म्हणाली. "ठरावीक वर्षं झाली की आमदाराने उठायचं. इथे तसं असतं तर वॉल्टर कधीच घरी बसला असता आणि आम्हा बायकांना जागा झाली असती."

कुसुमताईंनी मला ते मराठीत सांगितलं. या साऱ्या बोलण्यात दुभाषी त्याच होत्या. माझं इंग्रजी दुकानापुरतं. म्हणून पुढे जे लिहिते ते त्यांच्या तोंडून आलेलं. त्यांनी काय गाळलं ते त्यांनाच ठाऊक.

मी म्हटलं, "तिला सांगा, मला उठवलं होतं. नियमानेच उठवलं. जागा झाली. बसला कोण? पाटलाचा पुतण्या."

"तो पाटील म्हणजे काय ते मी कसं सांगू?"

"वॉल्टर म्हणा."

डोनट

सुनंदाने हात जोडले. "आई, मी प्रोव्हिन्शियल गव्हर्नमेंटमध्ये आहे. माझ्या घरातून पॉलिटिक्स नको, प्लीज. मला ऑफिसमध्ये प्रॉब्लेम होईल."

"घरातून नाही करत. बाहेर जाऊन करते."

"बाहेर तर तू मुळीच जायचं नाहीस. रस्त्यावर ब्लॅक आइस असतो, दिसत पण नाही."

गेले. लॉरेन दारोदार फिरायची तेव्हा मी आणि कुसुमताई तिच्याबरोबर. मला मत नव्हतं, पण बघायला कोण अडवतो? मी फक्त बघत होते, कोण दार पूर्ण उघडतं आणि कोण अर्धं.

गावात म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली एक बैठी चाळ आहे. प्रत्येकीला एक खोली आणि मध्ये सगळ्यांचा मिळून दिवाणखाना. तिला ते लॉज म्हणतात. तिथे सात बाया पक्षाच्या जुन्या सभासद होत्या. ॲग्नेस त्यांची म्होरकी. तरुणपणापासून धान्याचे ट्रक चालवलेली, अजूनही चर्चची व्हॅन तीच चालवायची. तिचे आजोबा युक्रेनमधून आले होते. तिने आम्हाला उकडलेल्या करंज्या खायला घातल्या, आत बटाट्याचं सारण, वर परतलेला कांदा. मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं. कुसुमताईंनी भाषांतर केलं, "फार छान झालंय म्हणताहेत." ॲग्नेस माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मीठ कमी आहे का?" त्या दिवसापासून आमचं जमलं.

सातही जणींची नातवंडं लॉरेनच्या बसमधून शाळेत गेली होती. सातही जणी म्हणाल्या, "आमचं मत लॉरेनला." मी विचारलं, "मग बावीस वर्षं वॉल्टरला का दिलंत?"

"दुसरं होतं कोण?" डॉरिस म्हणाली. "आणि तो डोनट आणतो."

तिथेच मी सावध झाले. वॉल्टर दर पंधरा दिवसांनी शनिवारी डोनटचं खोकं घेऊन लॉजवर यायचा. दोन तास बसायचा. मी त्याला एकदा लांबून पाहिलं. प्रत्येकीचा दुखणारा गुडघा डावा की उजवा हे त्याला पाठ होतं. भाषण नाही, मत मागणं नाही. डोनट आणि गुडघा. बावीस वर्षं माणूस उगाच टिकत नाही. आणि मतदानाचा दिवस शनिवार होता, त्याच्या डोनटचा.

आता आमच्याकडची रीत सांगते. शहरातल्या वाचकांना ती फक्त पेपरातून माहीत असेल. माझ्यावर तिसऱ्या वर्षी अविश्वास ठराव आला होता. विरोधक सदस्यांच्या घरी जेवणावळी घालू लागले. मी माझ्या बाजूच्या सदस्यांना जीपमध्ये घातलं आणि गणपतीपुळ्याला नेलं. चार दिवस समुद्र दाखवला. एकाला उलट्या झाल्या, एक जण लाटेत चप्पल घालवून बसला, पण कुणाला एकटं सोडलं नाही. पाचव्या दिवशी सगळ्यांना थेट तहसीलदारांसमोर नेऊन उभं केलं. ठराव पडला. याला आमच्याकडे सहल म्हणतात.

मी लॉरेनला म्हटलं, "शनिवारी या सात जणींना सहलीला न्यायचं. वॉल्टर डोनट घेऊन येईल तेव्हा लॉजला कुलूप. परत आणायचं ते थेट हॉलच्या दारात."

कुसुमताई म्हणाल्या, "हे मी सांगणार नाही. ही पळवापळवी आहे."

"सहल आहे. तुम्ही शाळेच्या काढत नव्हतात?"

"आमच्या सहलीत मुलींना मताधिकार नव्हता!"

पण सांगितलं त्यांनी. लॉरेन आधी हसली, मग गंभीर झाली, मग म्हणाली, "मला यातलं काही माहीत नाही असं समजा." म्हणजे तिला राजकारण येत होतं.

रेजिना

समुद्र तिथून दोन दिवस लांब. म्हणून रेजिनाची विधानसभा ठरवली. शनिवारी सकाळी आठला निघालो. ऊन पडलं होतं. सुनंदा दारातून ओरडत होती, "आई, दुपारी वेदर वॉर्निंग आहे! रोड क्लोज करतील!" मी हात हलवला. ऊन असताना पावसाची गोष्ट करणाऱ्याचं आमच्याकडे कुणी ऐकत नाही. तो मुलूख आमचा नव्हता, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

विधानसभेची इमारत तळ्याकाठी आहे. तळं गोठलेलं, त्यावर माणसं चालत होती. आत संगमरवर, जिने, आणि फुकटात सगळं दाखवणारा एक मध्यमवयीन, टापटिपीचा माणूस. सात जणी आयुष्यभर मत देत आलेल्या, पण आत पाऊल टाकायची त्यांची पहिलीच वेळ. भिंतीवर आजवरच्या मुख्यमंत्र्यांच्या तसबिरी होत्या. त्या किती ते मी मोजलं नाही. मी बाई शोधत होते. ती सापडली नाही.

सभागृहात डॉरिसने विचारलं, "वॉल्टर कुठे बसतो?"

त्या माणसाने तक्ता बघून बोट दाखवलं. एकदम मागची रांग, खांबाजवळ.

"बावीस वर्षं आणि मागच्या रांगेत?" डॉरिस एवढ्या मोठ्याने म्हणाली की वर घुमलं. "मला वाटलं होतं निदान मधल्या."

मी मनात म्हटलं, झालं काम. खालच्या कँटीनमध्ये सूप घेतलं आणि जांभळासारख्या एका रानफळाचं सारण भरलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ खाल्ला. तो मला आवडला. आपल्याकडे जांभळाचं कुणी असं का करत नाही कळत नाही. साडेबाराला निघालो. वाटेत वाऱ्याने बर्फ उडायला लागला, आधी रस्त्यावरून सापासारखा सरपटत, मग चाकांएवढा उंच, मग बॉनेट दिसेना. ॲग्नेस म्हणाली, "गाव आलंच." तेवढ्यात डाव्या बाजूचा रस्ता संपला.

खड्ड्यात

डॉरिसला मांडीवरून उतरवून सगळ्या जणी वरच्या अंगाला सरकून बसल्या. ॲग्नेसने इंजीन बंद केलं. ती म्हणाली, बर्फाने मागची नळी बुजली की धूर आत येतो, माणूस झोपतं आणि उठत नाही. तिच्या ओळखीचं एक जोडपं तसं गेलं होतं. गाडीतून उतरून मदत शोधायला जायचं नाही, दोन पावलांवर गाडी दिसेनाशी होते. तिने सीटखालून डबा काढला. त्यात मेणबत्ती, काड्या, चॉकलेट आणि घोंगडी, शेजारी फावडं. तिथे प्रत्येक गाडीत हे असतं. डब्यात मेणबत्ती लावली तर गाडीत अगदी ऊब नाही पण गोठणं टळतं.

फोन दोघींकडे होते. डॉरिसचा घरी ड्रॉवरमध्ये होता, बॅटरी संपू नये म्हणून. माझा, सुनंदाने दिलेला, पोलक्यात होता म्हणून गरम राहिला होता. ॲग्नेसने तो घेतला. बाहेर एकदा वारा थांबला तेव्हा तिने काचेतून एक झाडांची रांग पाहिली आणि उचललेला फोन खाली ठेवला.

"कुठे आहोत ते कळलं का?" मी विचारलं.

"कळलं. वॉल्टरच्या शेताशी."

मार्गारेटने चेपलेल्या केकचा डबा मिटला.

"दुसऱ्या कुणाकडे ट्रॅक्टर नाही?"

"आहे. सहा मैलांवर. तो येईपर्यंत आपण उरू की नाही सांगता येत नाही."

कुसुमताई माझ्याकडे वळल्या. "विहीणबाई, आता अहंकार सोडा."

"मी कुठे धरलाय? करा म्हणावं फोन."

ॲग्नेसने केला. दोनच वाक्यं बोलली. वॉल्टर म्हणाला होता, ट्रॅक्टर गरम व्हायला वेळ लागेल, थांबा.

थांबलो. दर अर्ध्या तासाने कुणीतरी बाहेर जाऊन नळीवरचा बर्फ काढायचा आणि मग दहा मिनिटं इंजीन लावायचं, असं ठरलं. नऊ जणींत धड गुडघे माझेच. पण गाडी दिसेनाशी झाली तर? ॲग्नेस म्हणाली, तिचे आजोबा वादळात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून जात. गाडीत दोर नव्हता. माझ्या अंगावर मात्र नऊ वार होते.

मी आत जावयांची बर्फातली पँट घातली होती. लुगडं सोडायला लागले.

"अहो, काय करून राहिल्या तुम्ही!" कुसुमताई ओरडल्या. घाबरल्या की त्यांची मुख्याध्यापिकेची भाषा सुटते. "चारचौघींत!"

"आठ आहेत. आणि मेलेल्या बाईला नेसवायला यातल्या एकीलाही येत नाही."

लुगड्याचं एक टोक कमरेला, दुसरं ॲग्नेसच्या मुठीत. हिरवं इरकल होतं, लग्नातलं नाही, बाजारातलं, मजबूत. बाहेर पहिला श्वास घेतला तो घशात काचेसारखा गेला. हाताने चाचपत मागे गेले, फावड्याने नळी मोकळी केली, ओढ दिली, आत आले. पापण्या चिकटल्या होत्या. डॉरिसने त्यावर फुंकर घातली. तिच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता.

मग वेळ जावा म्हणून बोलणं निघालं. मी पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू वाटले. डॉरिस लाडू चघळत म्हणाली, "कायदाच हवा. दोनदा निवडून आला की घरी. म्हणजे बायका येतील."

मी विचारलं, "वॉल्टरच्या आधी कोण होता?"

"एक जण होता. खुर्चीतच वारला," ॲग्नेस म्हणाली. "त्याचं ऑफिस मीच चालवायचे, अकरा वर्षं. लोकांचे अर्ज, रस्त्यांची भांडणं, सगळं."

"म्हणजे खुर्ची रिकामी झाली होती. तेव्हा तुला कुणी विचारलं?"

"विचारलं ना. सभेला सँडविच करशील का म्हणून."

सगळ्या हसल्या. ॲग्नेस हसली नाही, मग तीही हसली.

मी म्हटलं, "उठवणारा नियम करा खुशाल. पण तो बाईलाही उठवतो, नेमकं काम समजायला लागलं की. आणि रिकाम्या खुर्चीपाशी ज्यांना सांगावा जातो ते सगळे पुरुष. बाईच्या दारात कुणी जायला पाहिजे, फॉर्म घेऊन. माझ्या दारात दीर आला तो सुद्धा त्याला माझी सही हवी होती म्हणून."

कुसुमताईंनी हे सगळं न गाळता सांगितलं. शेवटी आपलं एक वाक्य जोडलं असावं, कारण सांगून झाल्यावर सातही जणींनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

मी दुसऱ्यांदा नळी साफ करत होते तेव्हा पांढऱ्यातून दोन दिवे आले. मागून घराएवढा ट्रॅक्टर. वरून वॉल्टर उतरला. सत्तरीचा, सुटाबुटात, टाय लावलेला, वर तेलकट कोट. सभेला निघायच्या तयारीत होता. त्याने मला पाहिलं: जावयांची पँट, डोक्याला मफलर, हातात फावडं, कमरेला हिरवं लुगडं आणि ते गाडीच्या दारात गेलेलं. बराच वेळ पाहत राहिला. मी नमस्कार केला. त्याने टोपी काढली.

मग दार उघडून आत डोकावला. सात ओळखीचे चेहरे. तो एकेकीकडे बघत गेला. सगळं समजला.

"कुठे गेला होतात?"

"विधानसभा बघायला," डॉरिस म्हणाली.

"मला सांगायचं. मी नेलं असतं."

"बावीस वर्षांत नेलं नाहीस."

वॉल्टर खाली वाकून साखळी लावायला लागला. हातमोजा काढून उघड्या हाताने लावली, कारण हुक बसत नव्हता. बोटं लाल झाली, मग पांढरी. मला ते दिसलं आणि सात जणींनाही दिसलं. मी मनात म्हटलं, आता हे डोनटपेक्षा वाईट.

हॉल

त्याने व्हॅन ओढून काढली आणि तशीच साखळीला बांधून गावापर्यंत ओढत आणली, बैलगाडीच्या वेगाने. मी तेवढ्यात लुगडं नेसून घेतलं. बसून नऊवारी नेसणं किती अवघड ते नेसणारीलाच माहीत. बोलायला हवं होतं मी. "उपकार वेगळे, मत वेगळं," एवढंच म्हणायचं होतं. पण माणूस समोर थंडीत ट्रॅक्टर हाकतोय आणि त्याच्याच साखळीला लटकून हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? आयुष्यात मी पहिल्यांदा गप्प बसले. नको तिथे.

हॉलमध्ये सभा खोळंबली होती, कारण एक उमेदवारच आला नव्हता. आम्ही साडेचारला पोचलो. दार उघडलं आणि वॉल्टर एका हाताला डॉरिस, दुसऱ्या हाताला मार्गारेट अशी आत घेऊन आला. सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या. लॉरेन पुढे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

भाषणं झाली. लॉरेन चांगली बोलली. दवाखान्याचं, बसच्या रस्त्यांचं, मुद्द्याचं. वॉल्टरची बोटं अजून वळत नव्हती, कागद धरता येईना; तो एवढंच म्हणाला, "उशीर झाला, बायांना आणायचं होतं. ही माझी शेवटचीच निवडणूक." माझ्याजवळ डॉरिस पुटपुटली, "गेल्या तीन वेळा हेच म्हणाला."

चिठ्ठ्या मोजल्या. लॉरेन पाच मतांनी पडली.

हिशोब मला जमिनीवर बोटाने करायला लागत नाही. पाचाने पडली, म्हणजे माझ्या सातांतल्या तीन जरी जागेवर राहिल्या असत्या तरी एकाने निघाली असती. तीन फुटल्या होत्या, हे पुढे कळलं. गणपतीपुळ्याला एकही फुटला नव्हता.

लॉरेनने वॉल्टरचा हात धरला, अभिनंदन केलं, फोटोला उभी राहिली. मग स्वयंपाकघरात आली आणि सिंकपाशी पाठ करून उभी राहिली. मी तिथेच कॉफीचे कप धूत होते.

"कोण फुटलं?" तिने विचारलं. कुसुमताईंनी ते हळू आवाजात मराठीत सांगितलं.

"विचारू नकोस," मी म्हटलं. "तुला उद्या त्यांच्याच घरी चहा प्यायचाय."

"तू पडलीस तेव्हा दुसऱ्या दिवशी काय केलंस?"

"पाणी भरलं. आणि ज्याने मला पाडलं त्याला व्हॉल्व्ह दाखवायला गेले. त्याने पाहिलाच नाही."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. कपडा घेऊन कप पुसायला लागली.

सुनंदा न्यायला आली तेव्हा रागाने तिचा आवाज फुटत होता. "आई, पूर्ण टाउनला माहीत झालंय! व्हॅनला साडी बांधून तू…"

"लुगडं," कुसुमताई म्हणाल्या. "आणि सूनबाई, आधी हीटर लाव."

फुटलेल्या तीन मला न विचारता समजल्या. ॲग्नेस त्याच आठवड्यात आली. म्हणाली, "गाडी मी खड्ड्यात घातली होती. त्याने काढली. मला वाटलं, माझं एकटीचं मत, बाकी सहा आहेतच लॉरेनला." मार्गारेट पंधरा दिवसांनी नवा केक घेऊन आली. तिनेही तेच सांगितलं: "मला वाटलं मी एकटीच." डॉरिसने मी निघायच्या दिवसापर्यंत दम धरला. दारात काठीवर रेलून म्हणाली, "त्याची बोटं पाहिलीस ना? बाकी सहा जणी होत्याच की." दोनदा निवडून आला की घरी, असा कायदा करायला निघालेली ही.

तिन्ही बाया मनाने सरळ होत्या, त्याला काय करणार? चूक माझी. मी त्यांना ज्याच्यापासून लांब नेलं, नेमकं त्याच्याच बांधावर नेऊन आपटलं, आणि तेही त्याला सर्वांत चांगला दिसायची संधी देऊन. आमच्या सहलीत गाडी बंद पडली तर आमदार ओढायला येत नाही, त्यामुळे ही गोष्ट कधी माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

पुढच्या निवडणुकीत वॉल्टर पुन्हा आला. सुनंदा फोनवर सांगते, लॉरेन बस चालवते आणि कौन्सिलवर आहे, आणि यंदा तिने फॉर्मची चौकशी केली म्हणे. तिच्या दारात कुणी गेलं नव्हतं. ती आपली आपण गेली.

त्या दिवशी व्हॅनमध्ये आम्ही नऊ बाया होतो. नऊच्या नऊ जगलो. कुणाचं बोटही गेलं नाही. वॉल्टरच्या डाव्या हाताच्या एका बोटाचा शेंडा गेला.